पेपरमिंटचे दोन थेंब

बहारीनमधल्या आमच्या सनाबिसच्या फ्लॅटमध्ये पेपरमिंटच्या तेलाची बाटली औषधांच्या डब्यात नसायची, देव्हाऱ्याशेजारी असायची. नवरा चिडवायचा, आता आरतीही हिलाच ओवाळ. उन्हाळ्यात ऑफिसातून पार्किंगपर्यंत दोन मिनिटं चाललं तरी माझं डोकं ठणकायचं. कपाळाच्या दोन्ही बाजूंना तेलाचं बोट फिरवलं की बरं वाटायचं. एसीनं नाक चोंदलं की गरम पाण्यात दोन थेंब टाकून वाफ घ्यायची. ओट्यावर मुंग्या आल्या की त्याच तेलाचा फडका मारायचा. पोट फुगलं की पुदिन्याचा चहा. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे तिथल्या किराणा दुकानात, ताज्या जुड्या यायच्या आणि दुकानदार माझी एक बाजूला काढून ठेवायचा. बिल्डिंगमधल्या बायका डॉक्टरच्या आधी मला फोन करायच्या. मला ते आवडायचं, हे कबूल करते. दिवसभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढणाऱ्या इंजिनियर बाईला कुणी आपणहून सल्ला विचारला की फार बरं वाटतं.

चिपळूणजवळच्या आमच्या गावी जाताना बॅगेत सहा-सात बाटल्या असायच्याच. गल्फहून आलेल्या माणसाची बॅग उघडताना आमच्याकडे अर्धी आळी ओटीवर जमते. आई एक बाटली स्वतःला ठेवायची आणि बाकीच्या वाटून टाकायची. कशाकशाला लावायचं ते मी सांगितलेलं असायचंच, त्यात आई आपल्या पदरचे चार उपयोग घालायची. ‘बहारीनच्या लेकीचं औषध’ असं त्या तेलाचं नाव पडलं. बाटलीवर इंग्रजीत आणि अरबीत लिहिलेलं होतं, की हे फक्त बाहेरून लावायचं. आईला दोन्ही वाचता येत नव्हतं. मला इंग्रजी येत होतं, पण मी वाचलं नाही.

दर शुक्रवारी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल असायचा. माझी मुलगी ‘हाय आजी’ म्हणून पळायची. आई मराठीत विचारायची, मुलगी आतल्या खोलीतून इंग्रजीत उत्तर द्यायची आणि मी मध्ये दुभाष्याचं काम करायची. अशाच एका शुक्रवारी आई म्हणाली, छातीत जळजळतंय, फणसाची भाजी जास्त झाली असेल. मी म्हटलं, गॅस आहे. कोमट पाण्यात दोन थेंब टाकून घे आणि लगेच आडवी होऊ नकोस. बोलता बोलता मी लॅपटॉप उघडून मेल बघत होते, हेही आठवतं.

पुढच्या शुक्रवारी तिनं सांगितलं, की पाखाडी चढून देवळात जाताना दम लागला, मध्येच पायरीवर बसावं लागलं, आणि डावा हात भरून आला होता. हे सगळं तिनं हसत सांगितलं. देवळातल्या बायका पुढे निघून गेल्या, याचंच तिला जास्त लागलं होतं.

डावा हात म्हटल्यावर काय ते शाळकरी पोरालाही कळतं. मलाही कळलं. पण त्याच वेळी डोक्यात दुसरं गणित चालू होतं. सित्रातल्या आमच्या प्रोजेक्टचं हँडओव्हर तीन आठवड्यांवर आलं होतं आणि मॅनेजरनं सगळ्यांना बजावलं होतं, तोपर्यंत लीव्ह मफी, रजा मिळणार नाही. डॉक्टर म्हटलं की तपासण्या, तपासण्या म्हटलं की आईजवळ राहणाऱ्या भावाचा फोन, आणि भावाचा फोन म्हटलं की मला जावं लागणार. लीव्ह नाकारली गेली असती की नाही, देव जाणे. मी मागितलीच नाही. मी आईला सांगितलं, हाताला तेच तेल चोळ, वात असेल.

“तू म्हणतेस तर असेल गो,” ती म्हणाली.

त्यानंतरच्या बुधवारी मी सित्रात साइटवर मीटिंगमध्ये होते. वहिनीचा फोन दोनदा आला, मी दोनदा कट केला. मग तिचा मेसेज आला, तीनच शब्दांचा. आई गेल्या, या. लीव्ह दहा मिनिटांत मंजूर झाली. मॅनेजरनं स्वतः गाडी दिली आणि म्हणाला, आधी का नाही सांगितलंस? मला त्याचा इतका राग आला, की मी गाडी नको म्हटलं आणि कामगारांच्या बसमधून परत आले. राग त्याच्यावर नव्हता, हे बसमध्ये बसल्यावर समजलं.

गावी घरी पोचले तेव्हा आईला नेऊन झालं होतं. तिच्या उशीला पेपरमिंटचा वास येत होता. मी ती उशी धरून रडले. संध्याकाळी वहिनीनं सांगितलं, की भावानं सोमवारची डॉक्टरची वेळ घेतली होती. रिक्षा दारात आली होती. आई खुर्चीतून उठलीच नाही.

“त्या म्हणाल्या, लेकीनं सांगितलंय गॅस आहे म्हणून,” वहिनी म्हणाली. “तिच्यापेक्षा तुम्हांला जास्त कळतं का, म्हणाल्या.”

वहिनी हे रागानं बोलली नाही. ती तांदूळ निवडत होती. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तेलाबद्दल वाचायला मी तिथे, सुतकाच्या दिवसांत बसले, वेळच वेळ होता म्हणून. पेपरमिंटनं जठराच्या तोंडाचा स्नायू सैल पडतो, त्यामुळे काहींची जळजळ वाढतेच. चोंदलेलं नाक त्यानं खरं तर उघडत नाही, फक्त उघडल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं मी हे बरं वाटणं आईला पाठवत होते. आणि ती बरी आहे असं वाटून घेऊन मी तिकडे निवांत राहत होते. दोन्हीकडे खरं दुखणं जागच्या जागी होतं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर शेजारच्या काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. आईहून थोड्या लहान, आईच्या रोजच्या सोबतीण. कनवटीतून त्यांनी बाटली काढली, तळाशी थोडंसं तेल राहिलं होतं. पुढच्या खेपेला दोन जास्त आण म्हणाल्या. अलीकडे जेवल्यावर त्यांच्याही छातीत दुखायचं, मग आईनं सांगितलं होतं तसे त्या दोन थेंब पाण्यातून घेत होत्या.

मी बाटली त्यांच्या हातातून हिसकावली. काकू दचकल्या. मी म्हटलं, हे औषध नाही, हे प्यायचं नाही, छातीत दुखतंय तर आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला, मी तुमच्याबरोबर येते, गॅस की काय ते डॉक्टर ठरवतील.



“एवढंच तिला सांगायचं होतंस गो,” काकू म्हणाल्या.

मग त्या लुगडं बदलायला घरी गेल्या. मी रिक्षावाल्याला फोन केला आणि त्यांच्या अंगणात उभी राहिले.