साडेचारचा पॅन

नगरच्या कॉलेजातून भाषणाचं पत्र आलं तेव्हा मी शर्ट इस्त्रीला टाकून मोकळाही झालो होतो. विषय होता, केमिकल इंजिनिअरिंगची पुढची दिशा. आमच्या साखर कारखान्यात या विषयाची डिग्री असलेला सगळ्यांत जुना माणूस मीच. पण मोठ्या साहेबांनी नाव कळवलं ते तिचं. अकोले तालुक्यातली, माझ्या मुलीच्या वयाची, नोकरीत जेमतेम तीन हंगाम काढलेली इंजिनिअर. इस्त्रीचा शर्ट घालून मी नगरला गेलो तो श्रोता म्हणून. लपवायचं कशाला, माझा नुसता जळफळाट झाला होता.

तिनं आमच्या पॅनला मशीन जोडलं होतं. पॅन म्हणजे दुमजली उंचीची बंद कढई. तिच्यात उसाचा पाक आटवत साखरेचा दाणा वाढवतात आणि दाणा नेमका झाला की खालची झडप उघडून पॅन सोडतात. ती नेमकी वेळ कुठल्या पुस्तकात नसते. मला ती आमच्या पॅनवरच्या जुन्या कामगारानं, काष्टीच्या चाचांनी शिकवली. शिक्षण सातवी, पण काचेच्या पट्टीवरचा नमुना उजेडाला धरायचे, दोन बोटांत चोळायचे आणि म्हणायचे, "आजून धा मिन्टं." माझी बोटं शहाणी व्हायला सहा हंगाम गेले.

ही मात्र एक हंगाम दिवसपाळीला माझ्या शेजारी उभी राहिली. पॅनच्या काचेवर कॅमेरा लावला, मी झडप कधी उघडतो ते मिनिटामिनिटानं टिपलं आणि सगळं मशीनला शिकवून मोकळी झाली. विचारायची इतक्या गोडीनं, की मीच हरभऱ्याच्या झाडावर चढून बोलत बसायचो. आता पॅन मशीन सोडतं.

व्यासपीठावर ती छान बोलली, हे तर आणखी वाईट. पुढचा इंजिनिअर भांड्यापाशी ताटकळणार नाही, म्हणाली, भांडंच त्याला आपणहून सांगेल. साखर हा जोडधंदा होईल, मळीपासून इंधन आणि चिपाडापासून प्लास्टिक हा खरा धंदा. पोरं भराभर लिहून घेत होती. माझा उल्लेख झाला तो 'आमचे अनुभवी सर' एवढाच.

मग एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मशीन चुकत नाही का?"

"चुकतं," ती हसली आणि पडद्यावर आलेख आणला. "मशीनला आम्ही घड्याळाची वेळही दिली होती. चारनंतर पॅन तयार झाला तर ते साडेचार वाजून जाईपर्यंत सोडतच नाही. दाणा झालेला असतो, तरी थांबतं. का, ते कळत नाही." मग तिनं थेट माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्हाला काय वाटतं?"

मला वाटायचं काय होतं त्यात? साडेचारला चहा येतो. पॅन सोडला की तो रिकामा होईपर्यंत जागचं हलता येत नाही आणि चहाचं पाणी होतं. म्हणून चाचांचा नियम होता, "चा घेतल्याबिगर पॅन सोडायचा न्हाई." तो मी आयुष्यभर इतका पाळला, की आपण थांबतो हेही विसरून गेलो होतो. तिनं माझी बोटं नेली, डोळे नेले, भाषण नेलं. एवढी एकच गोष्ट तिला सापडली नव्हती आणि ती मी देणार नव्हतो.

उभा राहून गंभीरपणे म्हणालो, "वाफेचा दाब तपासा."

तिनं ते लिहून घेतलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसातल्या तेवढ्याच माझ्या.

आठवडा झाला, ती रोज चारपासून वाफेच्या मीटरपुढे वही घेऊन उभी असते. काल मलाच राहवलं नाही. चहा आला तेव्हा एक ग्लास तिच्यापुढे धरला आणि म्हणालो, "अगं, आधी चहा घे. गार होईल."

"पॅन सुटल्यावर घेते, सर," ती मीटरवरची नजर न काढता म्हणाली.

मी माझा चहा सावकाश संपवला. ग्लास खाली ठेवला आणि मशीननं पॅन सोडला.