हॅकरला न सुटणारा पासवर्ड

पासवर्डमध्ये मोठं अक्षर हवं, छोटं हवं, आकडा हवा, वर एक चिन्हही हवं, हा नियम ज्या कोणी काढला ना, त्याला माणसं एकत्र बसलेली बघवतच नसणार! माझ्या फजितीचा निम्मा गुन्हेगार तोच. उरलेला निम्मा कोण, ते कळेलच तुम्हाला.

माझे आजोबा, म्हणजे आबा, धुळ्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. आयुष्यभर माइकवरून गाड्या सोडल्या. रिटायर झाल्यावर घरातही तेच! "वरण-बट्टी फलाट एकले लागेल शे, बठ्ठासनी ताबडतोब बसी जावं!" आणि खरंच आम्ही सगळे धावत जाऊन बसायचो.

या घोषणांची घरच्यांनी त्यांच्याच फोनवर केलेली रेकॉर्डिंग्ज त्यांच्या ऑनलाइन खात्यात होती. आबा गेल्यावर ज्याला आठवण येई, तो खातं उघडून ऐकायचा. पासवर्ड सोपा. इतका सोपा, की अख्ख्या गल्लीला पाठ!

मला हे कसं सहन व्हावं? मी जळगावला शिकलेला, 'अहिराणी वाचवा' म्हणत कॉलेजात भाषणं ठोकणारा. एका सुट्टीत घरी आलो, सगळ्यांना सायबर सुरक्षेवर व्याख्यान दिलं आणि तिथल्या तिथे पासवर्ड बदलून टाकला.

"जगातला एकही हॅकर अहिराणी शिकलेला नाही!" मी म्हणालो. 'बठ्ठं भारी शे', म्हणजे सगळं मस्त आहे, इंग्रजी अक्षरांत, पुढे एक आकडा, एक चिन्ह. लिहून कशाला ठेवायचा? आपली भाषा कोणी विसरतं का?

मग त्याच सुट्टीत आला आबांचा पहिला स्मृतिदिन. बुद्धवंदना झाली. फुई, म्हणजे माझी आत्या, पाचोऱ्याहून खास आली होती. पदर सावरून पुढे बसली. "लाव रे भाऊ, आबाना आवाज. कान तरसी गयात."

पासवर्ड टाकला. चूक! परत टाकला. चूक!

आता 'बठ्ठं'मध्ये टी किती आणि एच किती, यावर घरात लढाई.

"एक टी टाक!"

"दोन टाक!"

"तीन टाकी दे," शेजारचे निंबाभाऊ म्हणाले, "टी काय इकत लेना पडस का?"

शेवटी 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. तर ओटीपी कुठे जाणार? आबांच्याच नंबरवर! आणि तो नंबर तर कधीचा बंद. आता आबांकडे ओटीपी मागायला कोणी जायचं?

फुईचे डोळे भरले. "म्हंजे, आते आबाना आवाज गया का रे?"

आबा एकदा गेले ते म्हातारपणाने. आता दुसऱ्यांदा जाणार होते ते माझ्या हुशारीने.

मी डोकं धरून तेच तेच पुटपुटायला लागलो, "बठ्ठं भारी आहे... बठ्ठं भारी आहे..."

फुईने मान वर केली. "काय बोलना तू?"

"पासवर्ड गं, फुई. बठ्ठं भारी..."

"भारी काय?"

मी पटकन शेवटचा 'शे' पुसला, 'आहे' टाकलं. खातं उघडलं!

व्याख्यानाच्या जोशात तोंडाने अहिराणी वाचवत होतो आणि बोटांनी शहरी मराठी लिहीत होतो!

पहिलंच रेकॉर्डिंग लागलं ते मी जळगावच्या होस्टेलला निघालो त्या सकाळचं. मागे भांड्यांचा आवाज, आईची लगबग, आणि आबा, अगदी माइकसमोर उभे असल्यासारखे: "प्रवाशांनी लक्ष द्यावं. एरंडोलमार्गे जळगावले जाणारी गाडी सुटी राह्यनी. मन्हा नातूनी डबा इसरू नये!"

त्या दिवशी मी डबा विसरलोच होतो. घाई! फुई हसता हसता रडत होती. मीही तोंड फिरवून चष्मा पुसत बसलो.

निंबाभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. "काही म्हना, आबाना नातू भलता हुशार शे," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी जीभ चावली.

"चुकनू भो. हुशार आहे!"