आक्कावर अवलंबून

म्हणजेकाकांना नावानं हाक मारणारी एकटी त्यांची थोरली बहीण होती, आक्का. ती गेली. बाकी सगळ्यांचे ते म्हणजेकाकाच.

नोकरी सरकारच्या विधी खात्यात, कायद्यांचे मसुदे लिहायची. त्यातही व्याख्यांचं कलम यांच्याकडे. कायद्यात ‘इमारत’ आली की इमारत कशाला म्हणायचं, त्यात गोठा धरायचा की नाही, हे हा माणूस लिहून काढणार. त्याची सवयच जडली. शिपाई म्हणाला, ‘साहेब, चहा आत्ता आणतो,’ की यांचं सुरू, ‘आत्ता म्हणजे?’ दुसरी खोड मोठ्यानं बोलण्याची. आक्काला कमी ऐकू यायचं, म्हणून घरी ओरडून बोलायचे आणि तोच आवाज ऑफिसात घेऊन यायचे. खात्यातली गुपितं यांच्या कृपेनं जिन्यापर्यंत पोचायची.

आक्का तरुणपणीच विधवा झाली. नवऱ्याच्या भाड्याच्या दोन खोल्या तिच्या नावावर झाल्या, आणि धाकटा भाऊ सोबतीला म्हणून आला तो कायमचाच राहिला. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही. मी वकील आहे, भोचक नाही. बरं, थोडी आहे, पण तेव्हा नाही विचारलं.

आक्का गेल्यावर घरमालकानं दावा लावला: भाडेकरू वारली, भाऊ तिच्या कुटुंबात मोडत नाही, जागा खाली करा. काका कागद घेऊन माझ्याकडे आले. भाडेकरू गेला तर त्याच्या कुटुंबाला जागेत राहता येतं, एवढं कायद्यात आहे. कुटुंबात नवरा-बायको, मुलं, आईवडील. भाऊ नाहीच!

“कोणत्या शहाण्यानं लिहिलंय हे?” मी वैतागून म्हटलं.

“मी,” काका म्हणाले, तेही असे की बाहेर बसलेले अशील दचकले.

मी जीभ चावली आणि पुढचं वाचलं. यादीच्या शेवटी होतं, ‘आणि भाडेकरूसोबत राहणारी, त्याच्यावर अवलंबून असलेली कोणतीही व्यक्ती’.

“अहो, मग झालं की! तुम्ही आक्कांवर अवलंबून होता, एवढंच सांगायचं.”

“पण नव्हतो ना. लिहिताना मी पोटापाण्यापुरतंच धरलं होतं. पगार माझा होता. उलट आक्काच म्हणायची, ‘तुझ्या जिवावर बसून खाते रे मी.’”

“मग तुम्ही काय म्हणायचात?”

“काय म्हणणार? व्याख्येप्रमाणे बरोबरच होतं तिचं.”

असा राग आला मला त्यांचा! जन्मभर जिच्या हातचं खाल्लं, तिला एवढंही बोलू नये? पण केस घेतली. बजावून सांगितलं, कोर्टात विचारलं तेवढंच बोला, तुमच्या मनात काय होतं ते घरी ठेवून या.

ऐकतील तर शपथ. घरमालकाच्या वकिलानं विचारलं, “घर कोणाच्या पगारावर चालायचं?”

“माझ्या.”

“म्हणजे तुम्ही बहिणीवर अवलंबून नव्हता?”

“हा कायदा मीच लिहिलाय,” काका गरजले, “आणि लिहिताना माझ्यासारखा माणूस माझ्या डोळ्यांसमोर नव्हता.”

घ्या! स्वतःच्या हातानं पायावर धोंडा. मी कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाई मात्र हसल्या.

“काका, हळू बोललात तरी ऐकू येतं. आणि कायदा मंजूर झाला की लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, ते आम्ही त्याला विचारत नाही. आम्ही शब्द वाचतो, आणि तो कायदा कशासाठी केला ते बघतो. हा केलाय राहत्या माणसाला रस्त्यावर काढू नये म्हणून.”

मला तेवढी फट पुरे होती. मी उठले.

“काका, सकाळी तुम्हाला कोण उठवायचं?”

“आक्का.”

“उशीर झाला तर वाट कोण बघायचं?”

“आक्का.”

“आजारपणात?”

“आक्काच.”

“आणि आता?”

काका कठड्याला धरून उभे राहिले. मग बोलले, इतकं हळू की लिहून घेणाऱ्या बाईला पुन्हा विचारावं लागलं.

“आता कोणी नाही.”

निकाल आमच्या बाजूनं लागला. खोल्या राहिल्या. निकालाची नक्कल द्यायला मी काकांच्या घरी गेले, म्हटलं माणूस खूश होईल. एका खोलीत काकांची खाट, दुसरीत आक्कांची, चादर ताठ घातलेली, उशीचा अभ्रा नुकता धुतलेला. काका मला तिकडेच घेऊन गेले. आक्कांच्या खाटेसमोर दोन स्टुलं मांडली.

“वाचून दाखवा,” म्हणाले. “चष्मा सापडत नाहीये.”

चष्मा खिशात होता, मला दिसत होता. तरी मी पानं उलटून नेमकी ओळ काढली. “अवलंबून असणे हे केवळ पैशापुरते नसते. प्रतिवादी हा आपल्या मयत बहिणीवर सर्वार्थाने अवलंबून होता.”

“जरा मोठ्यानं, वकीलबाई.”

“अहो, तुम्हाला चांगलं ऐकू येतं की!”

“मला येतं हो,” काका म्हणाले, आणि खाटेकडे बघत राहिले.

खाकरून मी ती ओळ पुन्हा घेतली, कोर्टातही काढला नसेल असा आवाज काढून. समोरच्या खिडकीतून शेजारीण डोकावली. मी तशीच वाचत राहिले.