माझ्या जबड्यात कुणाचं हाड?

हापशीचा दांडा ओल्या हातातून निसटला आणि उसळून थेट माझ्या तोंडावर बसला. दुखलं नंतर. आधी तोंडात खडा आल्यासारखं वाटलं. हातावर थुंकले, तर वरचा समोरचा दात, मुळासकट. मी बादलीशेजारी मटकन बसले.

भंडाऱ्याकडच्या शहापूरजवळ आमचं गाव, तिथल्या शाळेत मी शिकवते. ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजायची आणि पहिलीची पोरं हसायची. ओठाची जखम भरल्यावर नवरा म्हणाला, “चाल, भंडाऱ्याले जाऊ. आजकाल स्क्रूवाला दात लावून देतेत म्हणे. सकाळी जाऊ, संध्याकाळी वापस.”

मलाही तसंच वाटलं होतं. पण दातांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलं, “मोठ्याने हसा.” कितीतरी दिवस पदराआड लपवलेलं तोंड उघडून मी हसले आणि त्यांनी फोटो काढला. पडद्यावर तो पाहून मला धक्काच बसला. हसताना माझी वरची हिरडी सगळी दिसते, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

“म्हणजे इथे काही चुकलं तर लपणार नाही,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी जबड्याचा स्कॅन दाखवला. हाड पांढरं दिसतं, पण दाताच्या जागी पुढच्या बाजूला नुसता काळोख होता. “दांड्याच्या मारानं पुढचं पातळ हाडही तुटलं आणि झिजून गेलं. आताच दात धरणारी स्क्रूची खुंटी रोवली तर हिरडी वर सरकेल, दात लांबुडका दिसेल, आतला धातू काळसर झळकेल.”

“मंग त्या जाग्यावर भरा ना काही, मॅडम,” नवरा म्हणाला.

“भरायचंच आहे. हाडाची पूड.”

“कायच्या हाडाची?”

“बहुतेक वेळा गाईबैलांच्या. पूर्ण शुद्ध केलेली असते.”

पोळ्याला ज्यांचे पाय धुऊन पाया पडते, त्यांचं हाड माझ्या तोंडात? आणि त्यावर घास चावायचा? नवरा खुर्चीवरून उठलाच. “नाही जमत, मॅडम. आमच्या घरी नाही चालत.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. “म्हणूनच आधी सांगितलं. कारखान्यात बनवलेली पूडही असते. नाहीतर तुमच्याच जबड्याच्या मागच्या भागातून थोडं हाड काढता येतं. पण मग दुसरी जखम, जास्त सूज.”

“माहंच हाड काढून मलेच लावता?” माझ्या तोंडून गावचीच भाषा निघाली. त्या हसून हो म्हणाल्या.

मी म्हणाले, “माझंच घ्या.”

तरी लगेच काही केलं नाहीच. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं, म्हणून आधी त्या साफ केल्या. मग मेणाचा दात करून माझ्या हसऱ्या तोंडात बसवून पाहिला. आधी दात कुठे शोभेल ते ठरवायचं आणि त्यावरून खुंटीची जागा, हा उलटा हिशेब मला तेव्हा कळला.

हाड काढताना दुखलं नाही, पण खरवडण्याचा आवाज डोक्यात घुमत होता. गाल सुजवून घरी आले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “अव माय, हे का करून आली तू?” मी खुणांनी सांगितलं, मागचं हाड काढून पुढे लावलं. त्या बघतच राहिल्या. “एकाच तोंडातलं?”

हाड धरेपर्यंत काढता-घालता येणारा दात लावून शिकवलं. मग खुंटी बसली. त्यावर आधी कच्चा दात लावून हिरडीला गोलाई येऊ दिली आणि धान कापणीच्या दिवसांत पक्का दात बसला. डॉक्टरीणबाईंनी आरसा धरला. शेजारच्या दाताजवळ हिरडीत बारीक काळी फट राहिली होती. ती राहू शकते, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

“नवा कोणता, सांगा,” मी नवऱ्याला विचारलं. त्यानं वाकून नीट पाहिलं आणि ठामपणे माझ्या मूळच्या दाताकडे बोट दाखवलं. मी हसू लागले आणि हसता हसता रडायलाच आलं.