इस्त्रीवाल्यांची नजर

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतले इस्त्रीवाले कपडे घेताना आधी माणसाकडे बघतात, मग कपड्याकडे, आणि मग उसासा टाकतात. आयटी कंपनीतल्या मुलाखतीसाठी मी माझा पोपटी शर्ट त्यांच्याकडे टाकला. मुलाखतीच्या सकाळी गठ्ठा सोडला, तर आत निळा शर्ट! तसाच धावत खाली गेलो.

"अहो, हा माझा नाही!"

"माहितीये. शेजारच्या कुलकर्ण्यांचा आहे. पोपटी तुम्हाला शोभत नाही. मापाचं मी बघून घेतलंय."

वाद घालायला वेळ नव्हता. निळा घालून गेलो आणि नोकरी मिळाली.

संध्याकाळी जिन्यात कुलकर्णी भेटले, माझ्या पोपटी शर्टात. मी तोंड उघडणार, तोच हळूच म्हणाले, "परत मागू नका हो. आज बायको चक्क छान दिसता म्हणाली."

इस्त्रीवाले हल्ली माझ्या पँटकडे बघून उसासा टाकतात.