बिलकीस आपांचा चार

आमच्या नांदेडच्या मनोरुग्ण वॉर्डात बिलकीस आपा सव्वीस वर्षं नर्स आहेत. त्यांच्यावर मी एकदा जाम भडकलो होतो, हे आधीच कबूल करतो.

मी डॉक्टर, मूळचा लातूरचा. लातूरच्या माणसाचं उत्तर चारचौघांशी जुळलं की त्याला झोप लागते. वॉर्डात मी एक मोजणी काढली होती. एकाच पेशंटला आम्ही पाच जणांनी वेगवेगळं पाहायचं आणि त्याच्या प्रत्येक त्रासाला शून्य ते चार आकडा द्यायचा. शून्य म्हणजे त्रास नाही, चार म्हणजे फार गंभीर. पाचांचे आकडे किती जुळतात ते मला बघायचं होतं. ते असे जुळले की मी हुरळूनच गेलो. नडत होत्या फक्त आपा.

किशनराव मुखेडचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. जिवाचं बरंवाईट करतील या धास्तीनं मुलीनं आणून भरती केलेले. तीन आठवड्यांत शांत झाले, जेवू लागले. दुसऱ्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. 'जीव देण्याचा विचार' या रकान्यात माझ्यासकट चौघांचं शून्य. आपांचा चार.

"आपा, माझ्या कामाची पार वाट लावून राहिलात तुम्ही," मी म्हणालो. "सगळ्यांचं शून्य, तुमचंच काय वेगळं?"

"सगळ्यांचं कुठं, साहेब? तुमचं एकट्याचं हाय," आपा शांतपणे म्हणाल्या. "बाकीचे तुम्ही किती दिले ते विचारून लिहितात. चहाच्या टेबलावर तुमचाच कागद फिरतो."

मी माझा कागद घडी घालून खिशात घातला. मग विचारलं, "पण चार कशावरून?"

"रोज सकाळी विचारायचे, मुखेडची गाडी लागली का. चार दिवस झाले, विचारलं न्हाई. आज हातातलं घड्याळ शेजारच्या खाटेवाल्याला देऊन टाकलं. ड्रायव्हर माणूस घड्याळ देतो का कुणाला?"

मी रोज दहा मिनिटं किशनरावांसमोर बसायचो. आजही बसलो होतो. त्यांचं रिकामं मनगट मला दिसलं नव्हतं.

तसाच उठलो आणि त्यांना सरळ विचारलं, "काका, घरी जाऊन जीव द्यायचं ठरवलंय का?"

त्यांनी रिकामं मनगट दुसऱ्या हातानं झाकलं. "आपांना कळलं वाटतं," म्हणाले, आणि रडायला लागले. माणसाला इतकं बघता येतं?

त्यांचं घरी जाणं थांबवलं, उपचार बदलले. पाच आठवडे गेले. ते हसायला लागले, मुखेडची गाडी विचारायला लागले. आपांचा आकडा मात्र एकावर अडून बसलेला.

"आता काय राहिलं, आपा?"

"घड्याळ अजून मागितलं न्हाई."

मी हुज्जत घातली नाही. तिसऱ्या दिवशी किशनरावांनी शेजाऱ्याकडून घड्याळ मागून घेतलं आणि माझ्यासमोर मनगटावर बांधलं. मी आपांना सांगायला धावत गेलो. त्यांनी शून्य आधीच लिहून ठेवलं होतं.