वाकळे सरांनी वाटलेले शब्द

‘‘उतर! उतर खाली! सर गेले रे!’’ पाथरीच्या स्टँडवर एसटीच्या दारात लटकून दिगंबर कंडक्टर असा काही ओरडला, की मी बसलो होतो ती शेजारची अख्खी जीप माझ्यासकट खाली उतरली. समोरच्या कठड्यावरची शेळीसुद्धा उतरली. कुठले सर, हे विचारायची गरज नव्हती. आम्हा दोघांना सर म्हणजे एकच, झरीचे वाकळे सर. दिगंबरनं तिकिटांचं मशीन छातीशी धरलं आणि भर स्टँडवर ढसाढसा रडला. त्याच्या एसटीत दोनशे माणसं होती... मी मोजताना थोडं वाढवतो, पण एकानंही ‘गाडी कधी निघणार’ असं विचारलं नाही. त्याला आता पाच आठवडे झाले.

सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. क्रमिक पुस्तक चार महिन्यांत उरकायचे आणि उरलेलं वर्ष त्यांच्या कोशाचं. निझामाच्या काळातल्या कुणा वकिलाच्या रद्दीतून आलेला तो इंग्रजी कोश इतका जाड, की उचलायला बैलजोडी लागावी. त्यातून वापरातून गेलेला एखादा शब्द काढायचे आणि सोयरीक जुळवताना मुलाची चौकशी करावी तशी त्याची सगळी माहिती सांगायचे... कुठल्या घरचा, कुणाकुणाच्या तोंडी नांदला, चांगला होता तो कधी बिघडला, शेवटी कशानं गेला. दहावीच्या निरोपाला इतर शाळांत पेन वाटतात. सर शब्द वाटायचे. प्रत्येकाला एक, चिठ्ठीवर लिहून. ‘‘इंग्रजांनी टाकून दिलेलं लेकरू हाय हे. रोज एकदा तरी तोंडातून काढायचं. न्हाई काढलं तर मरतंय ते.’’

दिगंबरला ‘यॉन्डर’ मिळाला. म्हणजे पल्याड, नजरेला दिसतं पण हाताला लागत नाही, असं. गेली वीस वर्षं तो गर्दीत ‘‘सरका, यॉन्डर सरका!’’ म्हणून ओरडतोय आणि गंगाखेडच्या वाटेवरच्या म्हाताऱ्यांना तो शब्द एसटी खात्याचाच वाटतो. मला ‘फॉरसूथ’. ‘‘म्हणजे खरोखर,’’ सर म्हणाले. मी फुगलो. ‘‘पर पुढं काय झालं, थापाड्याची टर उडवायला लोक तोच वापरायला लागले. तुला दोन्हीकडून बसतोय.’’ वर्गात जो हशा पिकला तो गावाच्या वेशीपर्यंत ऐकू गेला. तो शब्द मी आजही रोज उच्चारतो. बायकोचं म्हणणं, दुसऱ्या अर्थानं.

एक शब्द मात्र सरांनी कुणालाच दिला नव्हता. कुठला, तेही सांगत नसत. ‘‘त्याला माणूस मिळंना,’’ एवढंच. त्यावरून दिगंबरची आणि माझी वीस वर्षं चुरस. तो सरांसाठी खिडकीची जागा धरायचा. मी त्यांच्या अंगणातल्या पपईचं असं कौतुक करायचो, की पपईनंच लाजावं. सर आजारी पडले तेव्हा मी भेटायला गेलो. आवाज पार बसलेला. ‘‘तीनशे शब्द मार्गी लावले रे,’’ म्हणाले. ‘‘हा एकच मागं राहायलाय... माझ्यासंगं जाईल तो.’’ स्वतःच्या जाण्याचं त्यांना एवढं काही वाटत नव्हतं. त्या शब्दापायी मात्र जीव टांगणीला लागला होता. मी निर्लज्जपणे म्हणालो, ‘‘मला द्या, सर.’’ ते हसले. ‘‘तू लय बोलतो. त्याला कमी बोलणारं माणूस पायजे.’’

मागच्या रविवारी आम्ही दोघं झरीला गेलो. सरांच्या पत्नी, कमलकाकू, ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. उभ्या संसारात नवऱ्याला ‘अवो’शिवाय हाक मारलेली कुणी ऐकली नाही. दिगंबरला दम निघेना. ‘‘काकू, सरांचा तेवढा एक शब्द... कुणाला दिला?’’

काकूंनी सूप खाली ठेवलं. कमरेच्या पिशवीतून एक घडी घातलेली चिठ्ठी काढून पुढे केली. सरांचं गोल अक्षर: ‘दाऊ. म्हणजे तू. देवाला, लेकराला, जिवाभावाच्या माणसाला इंग्रज असं म्हणत. पुढं सगळ्यांनाच मानानं बोलवता बोलवता ही जवळीक त्यांच्या हातून हरवली. कमल, हा तुझ्याकडं असू दे.’

दिगंबरनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी घालून काकूंना परत दिली. मला राहवलं नाही म्हणून विचारलं, ‘‘काकू, सरांना कधी म्हणलात का?’’

काकूंनी सूप परत मांडीवर घेतलं.

‘‘म्हणलं की एकदा, दवाखान्यात. ओ दिली त्यांनी.’’